मांडवात उतरलेला लाल रंग

नातसुनेने परवा नवा मोबाइल आणला. पाठ अॅल्युमिनियमची, रंग गुलाबीसर सोनेरी. मी चष्मा वर सरकवला, नख मारून पाहिलं, खिडकीशी नेऊन तिरका धरला. काम चोख होतं. रंग धातूच्या कातडीत नीट मुरलेला होता. इतक्या वर्षांनी कोणीतरी हे काम मन लावून केलेलं पाहून मी खूश होणार, एवढ्यात तिने पिशवीतून रबराचं झबलं काढलं आणि मोबाइलला चढवलं. रंगासाठी दुकानात तासभर ताटकळलेली बाई रंगावर झबलं घालते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजोबा, रंग जातो ना."

माझं डोकं फिरलं ते अजून फिरलेलंच आहे, आणि त्याच तिरीमिरीत लिहायला बसलो आहे. संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती थोड्या निघतील. राग मात्र पोत्याने आहे, तो छापा.

मी बॅटरीवाला. बॅटरी म्हणजे हातात धरायची, शहरातले लोक टॉर्च म्हणतात ती. वडशाच्या एका शेठच्या दुकानातून माल उचलायचा, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधायची आणि आठवडी बाजार धरायचे. कुरखेडा, आरमोरी, आणि खाली पार अहेरीपर्यंत. विकायच्या आणि बिघडल्या तर तिथेच पेटीवर ठेवून दुरुस्तही करायच्या. पन्नास ते साठमधली गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, आणि चांद्याचंही अजून चंद्रपूर झालेलं नव्हतं. रस्ते कागदावर होते. अहेरीच्या वाटेवर संध्याकाळी एकदा अस्वलाने माझी सायकल अडवली. मी त्याच्या तोंडावर बॅटरी मारली. ते डोळे मिचकावत बाजूला झालं, आणि पुढच्या आठवड्यात बरोबर त्याच झाडाखाली उभं होतं. उजेड आवडला असणार. मी त्याला उधार द्यायला तयार नव्हतो म्हणून ते निघून गेलं. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने अस्वलाला विचारावं.

झाडीत बॅटरी ही चैन नव्हे. धान पिकलं की रानडुकरं येतात, वाटेवर साप असतो, रात्रीची दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, पाहून गावाकडे परतताना पुढे काय हललं ते कळावं लागतं. सुरुवातीला पितळी बॅटऱ्या यायच्या, वर निकेल चढवलेल्या. जड, गंभीर, फॉरेस्ट गार्डच्या कमरेला शोभणाऱ्या. मग अॅल्युमिनियमच्या आल्या. हलक्या आणि रंगीत. लाल, हिरव्या, निळ्या, सोनेरी. पत्र्याला ऑइलपेंट फासला की थर दिसतो, कडेला जाड होतो, नखाने टवका निघतो. हा रंग तसा नव्हता. वैनगंगेच्या निवळ पाण्याखाली वाळू चमकावी तसा रंगाखालून धातू चमकायचा. मी पेटीचं झाकण उघडलं की मुरमुऱ्याच्या दुकानापुढची गर्दी माझ्याकडे सरकायची आणि मुरमुरेवाला मला शिव्या घालायचा.

गिऱ्हाइकं एकेक. अहेरीच्या एका गृहस्थाने लाल बॅटरी नेली आणि पुढच्या बाजारी परत आणली. तक्रार काय, तर बॅटरी लाल आहे आणि उजेड पांढरा पडतो. "वरतून लाल अन् अंदरून पांढरी, हा कोनता न्याय?" मी म्हटलं, बाप्पा, पपई वरून हिरवी असते, आत हिरवी निघते का? तो म्हणाला, "पपई मी कापून पाहूनच घेतो." मी काचेच्या आत लाल पतंगी कागद घालून दिला. तो समाधानाने गेला, आणि म्हणे त्याच्या गावात महिनाभर कोणी दिवेलागणीनंतर दार उघडलं नाही.

दुसरा एक फॉरेस्ट गार्ड. त्याने निळी बॅटरी घेतली आणि तिला लोकरीचा मोजा घातला. रंग जाऊ नये म्हणून. मोजा फक्त साहेबासमोर काढायचा. आमची नातसून त्याची कोण लागते ते शोधावं लागेल.

रंग जायचा, हे खरं. उन्हात ठेवली की लाल आधी फिका व्हायचा, सोनेरी सर्वांत शेवटी. पण आमच्याकडे ऊन दुय्यम. खरी वैरीण राख. घरात धातूचं जे काही येईल ते चुलीतल्या राखेने घासून लख्ख करायचं, ही आमच्या बायांची शिस्त. तांब्या घासतील, कळशी घासतील, आणि तेवढ्याच प्रेमाने बॅटरीही घासतील. राखेत खार असतो आणि अॅल्युमिनियमची वरची कातडी त्या खारात विरघळते. कातडी गेली की तिच्यातला रंग गेला. मी बाजारात घसा फोडून सांगायचो की बाया हो, बॅटरी हे भांडं नव्हे. त्या मान डोलवायच्या आणि माझ्याकडे अशा पाहायच्या की याच्या घरी भांडी कोण घासत असेल बिचारी.

आमच्या शेठला या राखेचा फार आधार होता. कोणीही फिकी बॅटरी घेऊन आला की गादीवरून मान न वळवता तो एकच वाक्य म्हणायचा, "राख लावली असेल." तोच मंत्र मीही म्हणायचो.

आता भागरथाबाईंची गोष्ट सांगतो. राग तिथला आहे.

कुरखेड्यापलीकडे एका गावात भागरथाबाई नावाची बाई धानाची शेती करायची. नवरा वारलेला, एकच मुलगी, जमुना. जमुनाचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात नवरदेव रुसतो, हे वाचकांना माहीत असेल. पंगतीत ताट वाढलं की तो हात आखडून बसतो, आणि मनातली वस्तू मिळाल्याशिवाय घास उचलत नाही. कोणी अंगठीवर रुसायचा, कोणी सायकलवर. हा दामोधर नावाचा जावई लाल बॅटरीवर रुसणार आहे, हे त्याच्या मामाने आधीच कळवून ठेवलं होतं. मामाचं नाव उपासराव. नाव उपासराव आणि पंगतीत दोन माणसांचं जेवायचा.

भागरथाबाई कुरखेड्याच्या बाजारात आल्या. पेटीतल्या सगळ्या लाल बॅटऱ्या हातात घेऊन पाहिल्या, अंगठ्याला थुंकी लावून एक घासून पाहिली. रंग आला नाही. तरी त्यांनी विचारलं, "भाऊ, याचा रंग जानार तं नाई?"

मी बाजारातला गडी. तोंड उघडलं की शब्द आपोआप बाहेर पडायचे. म्हटलं, "बाई, या बॅटरीचा रंग गेला तं मी ही पेटी सोडून देईन." आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्या हसल्या आणि मला लग्नाचं आवतन देऊन गेल्या.

वैशाखातलं लग्न. चांद्याकडचा वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, त्या दिवशी मांडवाच्या खांबांनासुद्धा घाम सुटला होता. मी दुसऱ्या ओळीत पानावर बसलो होतो. दामोधर शिस्तीत रुसला. पांढरा सदरा, कपाळाला मुंडावळ्या, मान खाली. भागरथाबाईंनी लाल बॅटरी आणून त्याच्या हातात दिली. तो हसला, बॅटरी डाव्या हातात घट्ट धरली आणि उजव्या हाताने जेवू लागला. वाजंत्री वाजली. बाया नावं घ्यायला लागल्या. मी चोरून चारचौघांकडे पाहिलं, की बघा, कोणाचा माल आहे.

मग त्याला घाम आला. डाव्या हाताने त्याने कपाळ पुसलं. कपाळ लाल झालं. आधी वाटलं कुंकू पसरलं. त्याने मान पुसली, मान लाल. सदऱ्याला हात पुसला, सदरा लाल. कोणीतरी हसलं म्हणून तो गोंधळला आणि त्याने तोंडावरून पूर्ण हात फिरवला. सांगतो ना, कोंबडं कापताना सुरी निसटलेला माणूस बरा दिसेल, असा तो नवरदेव दिसत होता. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं उघड हसत होती, आणि माझ्या हातातला भाताचा घास हातातच राहिला होता.

उपासराव उठले. बॅटरी हातात घेतली, उपरण्याने पुसली. उपरणं लाल. त्यांनी ती नाकाशी नेऊन हुंगली, का ते त्यांनाच माहीत. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही जुनी बॅटरी हाय. रंगवून देल्ली. आमच्या पोट्ट्याले फसवलं."

मी उठून सांगायला लागलो की माल नवा आहे, मीच विकला आहे. त्याचा परिणाम एवढाच झाला की पाहुणे म्हणाले, हा बाईचाच माणूस आहे. भागरथाबाईंनी मांडवाच्या त्या टोकाकडून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी सासरी गेली. मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा, उपासराव तिला पोचवायला आले, ती बॅटरी परत टेकवली आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेले. अस्सल रंगाची बॅटरी आणा, मग आम्ही न्यायला येऊ. तोवर राहू द्या पोरगी तुमच्याकडे.

पुढच्या बाजारी भागरथाबाई माझ्या पेटीपुढे उभ्या होत्या. ती बॅटरी त्यांनी झाकणावर ठेवली. मुठीच्या जागी फिकी गुलाबी, दोन्ही टोकांना लाल. मी सवयीने विचारलं, "बाई, राख तं नाई ना लावली?"

"राख मी माह्या भांड्याले लावते," त्या म्हणाल्या. "जवायाच्या घामाले कोन राख लावते?"

मी बॅटरी उलटसुलट करून पाहू लागलो.

"तुमी पेटी सोडीन म्हनलं होतं. पेटी नोका सोडू, भाऊ. माह्या पोट्टीचं काय ते सांगा."

मला राग येतो तेव्हा मी जोरात बोलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. फार राग आला की मला बोलताच येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी बॅटरी त्यांच्या हातात परत दिली, पेटी बंद केली आणि वडशाला आलो. दुकानात येऊन ओला हात करून एकेक लाल बॅटरी घटकाभर धरली. सगळ्यांचा रंग येत होता. हिरव्यांचा येत होता. निळ्यांचा तर न धरताच येईल असं वाटलं. शेठपुढे माझा पंजा धरला, लाल-हिरवा-निळा, होळीचा. शेठ गादीवरून म्हणाला, "राख लावली असेल."

"कोणी? मी?"

तो म्हणाला, पावसाळ्यानंतर नवा माल येतो आहे, तोवर गिऱ्हाइकांना सांग की हात पुसून धरा.

घाम येणाऱ्या माणसांनी बॅटरी विकत घेऊ नये, अशी पाटी दुकानाला लावू का, असं मी विचारलं. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

पावसाळ्यात नद्या भरल्या, बाजार बंद पडले. जमुना माहेरीच. गावात तिला 'टाकलेली' म्हणायला लागले. भागरथाबाई लोकांच्या कार्यांना जाईनाशा झाल्या, कारण तिथे प्रत्येक बाई 'न्यायला आले का' असं विचारायची. दसऱ्याच्या सुमारास नवा माल आला. मी खोका फोडला, तळहात ओला केला, बॅटरी धरली. पंजा लाल. त्याच दिवशी खोक्यावरचा पत्ता घेतला आणि नागपूरची छोटी गाडी पकडली.

ती छोटी गाडी म्हणजे काय, तर वाटेत उतरून तेंदूची टेंभरं खावीत, बी थुंकावं, झाडाला पाणी घालावं आणि पुन्हा आपल्याच डब्यात चढावं. नागभीडला गाडी बदलून नागपुरात इतवारीला उतरलो तेव्हा माझा राग थंड व्हायला हवा होता. उलट जास्त उकळला.

कारखाना म्हणजे बोळातली एक पत्र्याची खोली. आत सिमेंटची टाकी, तिच्यात आम्ल, त्यात तारांना लटकवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या. विजेचा प्रवाह सोडला की टाकीत बारीक बुडबुडे येतात. मालकाला मी शिव्याच द्यायला आलो होतो, पण तो जागेवर नव्हता, म्हणून टाकीपाशी उभ्या असलेल्या रंगाऱ्याला दिल्या. तुळशीराम नाव. जातीने कोष्टी, आधी सुताला रंग द्यायचा, हातमाग मोडला म्हणून इथे आलेला. कोपरापर्यंत हात जांभळे. त्याने शिव्या पूर्ण ऐकून घेतल्या, मधे एकदाच म्हणाला, जरा सरका, आम्ल उडेल.

मग त्याने जे सांगितलं ते वाचकांनी ऐकावं, मोबाइल घेताना उपयोगी पडेल. या आम्लात वीज सोडली की अॅल्युमिनियमवर त्याचीच एक कडक कातडी उगवते. तिला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. मग नळी रंगाच्या पाण्यात बुडवायची. छिद्रं रंग पितात. म्हणून तो लावलेला दिसत नाही, मुरलेला दिसतो. पण छिद्रांची तोंडं उघडी असतात. ती मिटवायला नळी उकळत्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवावी लागते. गरम पाण्याने कातडी फुगते आणि छिद्रं बंद होतात. रंग आत कोंडला जातो. मग घाम येवो नाहीतर पाऊस, तो बाहेर येत नाही.

"आणि तुम्ही उकळत नाही?"

"उकळणारा मानूस होता. मालकानं काढला. कोळसा फार लागे."

"तुले मालूम होतं. तू बोलला काऊन नाई?"

तुळशीराम टाकीकडे पाहत म्हणाला, "मी रंगारी हाय, भाऊ. उकळाचं काम माह्यं नाई."

मला त्याचाही राग आला. आज इतक्या वर्षांनीही येतो. त्याच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो.

तेवढ्यात मालक आला. चांगला गोरागोमटा, बोलण्यात गोड. मी त्याला सगळं सांगितलं. मांडव, घाम, सदरा, माहेरी बसलेली मुलगी. त्याने शांतपणे ऐकलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अहो, जंगलातली माणसं. बॅटरी वापरणार अंधारात. अंधारात रंग कुणाला दिसतो?"

मी त्यावर काय बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मात्र इतवारीतली कबुतरं उडाली ती सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाऊन बसली आणि शेजारच्या बोळातल्या सराफाने दुकान बंद केलं, इतकं मी खात्रीने सांगू शकतो. थोडक्यात एवढंच म्हणालो की आमच्याकडे दिवसही उजाडतो. आमच्याकडे लग्नं उन्हात लागतात. रंग टिकला नाही तर सांगा टिकत नाही, लोक साधी घेतील. पैसे रंगाचे घ्यायचे आणि रंग कोंडायला कोळसा जाळायचा नाही, याला धंदा म्हणत नाहीत. मालक म्हणाला, पटत नसेल तर माल घेऊ नका, आणि वर जिना चढून गेला. जिन्यावरून त्याने वाकून पाहिलंसुद्धा नाही.

मी तिथेच उभा होतो. तुळशीरामने कोपऱ्यातल्या चहाच्या स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं, धुतलं, नळाचं पाणी भरून पुन्हा चढवलं. मग नुकत्याच रंगवलेल्या लाल नळ्यांतली एक उचलली आणि पातेल्यात सोडली. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मालक वर जेवते. अर्धा तास लागते त्याले."

पाणी उकळलं, आधी थोडं गुलाबी झालं, मग त्याहून गुलाबी होईना. अर्ध्या तासाने तुळशीरामने नळी फडक्याने काढली आणि माझ्या हातात दिली. गरम होती, हात भाजला, पण सोडली नाही. काच, बल्ब, बटण बसवून दिलं, दोन सेलही घातले.

म्हणजे औषध चहाच्या पातेल्यात होतं. कुरखेड्याच्या कोणत्याही चुलीवर ते झालं असतं. एवढ्यासाठी एक मुलगी सहा महिने माहेरी.

परतीच्या गाडीत मी बॅटरीची परीक्षा घेतली. दुसऱ्यांच्या घामावर विश्वास नको म्हणून पांढरी बंडी घालून ती बॅटरी काखेत दाबली आणि नागभीडपासून वडशापर्यंत हात खाली सोडला नाही. शेजारच्या म्हातारीला वाटलं मला लकवा झाला, तिने मला दोनदा उठायला हात दिला. वडशाला काख पाहिली. बंडीला घाम होता, धूळ होती, लाल ठिपकासुद्धा नव्हता. मी फलाटावर त्या बॅटरीचा मुका घेतला. काखेतून काढल्या काढल्या. यावरून माझी अवस्था समजून घ्या.

भागरथाबाईंकडे निरोप गेला, तिथून उपासरावांकडे गेला, आणि ठरलेल्या दिवशी मामा-भाचे न्यायला आले. मी सकाळीच पोचलो होतो. अंगणात जमुना धानाच्या राखणीवरून नुकतीच आली होती. कमरेला तीच लग्नातली पहिली बॅटरी खोचलेली, आणि ती पूर्ण पांढरी. लालचा मागमूस नाही.

"हे काय केलं?" मी म्हटलं.

"घासली."

"राखेनं?"

"मग कायनं घासतेत?" ती म्हणाली. "अर्धा रंग हाताले लागे, धानाले लागे. आता कशी लख्ख हाय. डुकराले रंग कायले पाह्यजे? उजेड पाह्यजे."

मी तिच्यावरही चिडलो. सहा महिने रंगासाठी वणवण करतोय मी, आणि ही राख लावून मोकळी.

उपासराव खाटेवर बसले. लाल बॅटरी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी थुंकी लावून घासली. लोटाभर पाणी मागवून ओतलं. धोतराच्या सोग्याने रगडली. भागरथाबाईंकडून लिंबाची फोड मागून घेतली आणि पिळली. दामोधर शेजारी मान खाली घालून उभा होता, जणू परीक्षा त्याचीच होती. रंग कुठेच उतरला नाही. उपासरावांना आणखी काही सुचेना तेव्हा ते म्हणाले, "ठीक हाय. आता झालं बरोबर. बांध पोरी तुयं गाठोडं."

भागरथाबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्या आत गाठोडं आणायला वळल्या.

"थांब, आई," जमुना म्हणाली. तिने मामाच्या हातातून बॅटरी घेतली, दामोधरच्या डाव्या हातात दिली आणि त्याची मूठ मिटवली. "बसा तिथी. उन्हात. तवा बसले होते तसे."

तो बसला. का बसला कोणास ठाऊक, पण बसला. कार्तिकातलं ऊन वैशाखासारखं नसतं, वेळ लागला. कोंबडी त्याच्या पायापाशी टोचत होती. त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा जमुना पुढे झाली आणि तिने मूठ उघडून पाहिली. तळहात स्वच्छ होता.

"रंग नाई गेला," ती म्हणाली. "आता दुसरं काय कारन सांगान?"

"कारन कायचं?" दामोधर पहिल्यांदाच बोलला. "आता चालच ना."

"सहा महिने तुमी एक डाव मले पाहाले नाई आले. बॅटरी पाहाले आले." तिचा आवाज चढला नव्हता. "भेटली तुमची बॅटरी. घेऊन जा. मी नाई येत."

उपासराव फार बोलले. भागरथाबाईंनी मुलीला दोनदा आत ओढलं, ती दोनदा बाहेर आली. मग भागरथाबाईच गाठोडं छातीशी धरून ओट्यावर बसल्या. आणि मी? मी जमुनावर संतापलो होतो. नागभीडपासून काखेत वागवलेला रंग हिने मातीमोल करून टाकला, असं वाटत होतं. पुढे कधीतरी तो राग उतरला. दोन वर्षांनी धानोऱ्याकडच्या एका माणसाशी तिचा पाट लागला. तो कशावर रुसला नाही. शेठचं दुकान मी सोडलं, पेटी सोडली नाही. आणि स्वतःच्या पेटीतली प्रत्येक रंगीत बॅटरी बायकोच्या भाताच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उकळल्याशिवाय विकली नाही. त्यावरून घरात जे झालं ते वेगळ्या अंकाला पुरेल.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मामा-भाचे निघाले. दामोधर ती लाल बॅटरी उन्हात फिरवून पाहत चालला होता, शेताच्या धुऱ्याशी पोचला होता. घाम पुसायला मी खिशात हात घातला आणि रुमालाआधी हाताला सेल लागले. दोन्ही सेल. काखेतल्या घामाने खराब होऊ नयेत म्हणून मी ते नागभीडलाच काढून याच बंडीच्या खिशात टाकले होते. सकाळपासून त्या बॅटरीला थुंकी लागली, पाणी लागलं, लिंबू लागलं, आणि एकानेही तिचं बटण दाबून पाहिलं नव्हतं.

हाक मारायला मी तोंड उघडलं. जमुनाने माझ्या हाताकडे पाहिलं, मग धुऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "माह्यातले उतरत आले."

कमरेची पांढरी बॅटरी काढून तिने मागचं झाकण फिरवलं, जुने सेल तळहातावर ओतून घेतले आणि नळी माझ्यापुढे धरली.